पुण्याकडं तोंड

"जरा पुण्याकडं वळव की बाबा," अंगणातून उषाबाई ओरडल्या.

गच्चीवर राजानंद लोखंडी पाइपला इंटरनेटची डिश आवळत होता. "मावशी, टॉवर भोकरदनला हाय. तिकडंच तोंड लागतं."

"आन् माझं लेकरू पुण्यात हाय ना!"

गावोगावच्या गच्च्यांवर चढण्यात राजानंदचा जन्म चालला होता, पण असं गिऱ्हाईक त्याला केदारखेड्यातच भेटलं. त्याला हसू आवरेना.

कनेक्शन उषाबाईंनी स्वतःच मागवलं होतं. त्यांचा सोमेश्वर पुण्यात कंपनीत कामाला. दिवाळीत तो सहज बोलून गेला, घरी नेट बराबर असलं तर अर्धा महिना इथूनच काम करीन. तो बोलून विसरला असेल, उषाबाईंनी मात्र पदराला गाठ मारली. वरची खोली रंगवून घेतली, टेबल-खुर्ची आणवली आणि खुर्चीवर मऊ गोधडीही टाकली.

टॉवरच्या वाटेत नेमकी गावची पाण्याची टाकी आडवी येत होती. एरवी राजानंद 'रेंज न्हाई' म्हणून केव्हाच गाडीला किक मारून निघून गेला असता. पण ती खोली पाहिल्यावर त्याचा पाय निघेना. त्याने दुसरा पाइप जोडून डिश उंच नेली, उन्हात घामाघूम होत इंच-इंच फिरवली. अखेर मोबाइलवर सगळ्या काड्या भरल्या, तेव्हा तोच लेकरासारखा खूश झाला.

"लाव सोमेश्वरला," तो खाली येताच उषाबाई म्हणाल्या.

सोमेश्वरचा चेहरा इतका लख्ख उमटला की त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "नेट आलं रे! आता कधी येतूस?"

"लई भारी झालं, आई! किती साफ दिसून राह्यलीस! आता रोज असंच बोलू. मंग मला बी यायची घाई न्हाई आन् तुला बी वाट पाह्याची गरज न्हाई."

उषाबाई हसल्या. "बराबर हाय," म्हणाल्या. जेवलास का, विचारलं आणि फोन ठेवला.

राजानंद खाली मान घालून वायर गुंडाळत राहिला. टाकी आडवी होती तेच बरं होतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"काही अडचण आली तर फोन करा, मावशी."

"न्हाई रे बाबा, तुझं काम चोख हाय. फक्त हे नेट बंद कुठून करायचं, तेवढं दाखवून जा."

त्याने बटण दाखवलं. उषाबाईंनी चष्मा लावून ते नीट पाहून घेतलं.