टेबलाखालची ओळ

नातीला शाळेसाठी म्युझियमवर निबंध लिहायचा होता, म्हणून तिनं मला म्युझियम झालेल्या एका जुन्या बंगल्यात ओढून नेलं. भोवती सगळी बड्यांची वस्ती. रस्ते इतके चकाचक की चप्पल हातात घेऊन चालावं. "आजी, तिथे कुणावर ओरडायचं नाही हं," तिनं आधीच बजावलं. माझं तोंड तिला ठाऊक आहे!

चाळीस वर्षांपूर्वी मी इथे मागच्या दारानं यायचे, सासऱ्यांबरोबर, लाकडाला पॉलिश करायला. काम त्यांनीच शिकवलं. बाईमाणूस हे काम करते म्हणून लोक नाकं मुरडायचे, तेव्हा मामंजी म्हणायचे, "सून माझी, तुमच्या का पोटात दुखतं?"

जेवणाच्या खोलीत ते टेबल तसंच होतं. कोपऱ्यातला काळा गोल डागही तसाच.

"हा एका म्हाताऱ्या कारागिराचा निष्काळजीपणा," गाईड मुलगी सांगू लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं मुली, तो डाग माझा! लाकूड चिकटवायच्या सरसाचं गरम भांडं मी ठेवलं होतं तिथे. मामंजींनी मालकांना सांगितलं, माझाच हात चुकला. या घरचं काम कायमचं सुटलं त्यांचं. आणि मी? मूग गिळून उभी!"

नातीलाही हे नवंच होतं. हे मी घरातही कधी बोलले नव्हते.

"पण आजी, जुन्या कागदांत असंच आहे. पुरावा हवा ना काहीतरी," गाईड म्हणाली.

"मग टेबलाखाली बघ. काम कुणाचं, चूक कुणाची, ते पेन्सिलीनं खाली लिहायचं आणि मग पॉलिशचा शेवटचा हात मारायचा, हा मामंजींचा नेम. तिथे खोटं लिहायचं नाही." त्या दिवशी मला घरी धाडून शेवटचा हात त्यांनी एकट्यानं मारला होता. काय लिहिलं, ते मी पाहिलं नव्हतं.

गाईड टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरली. थोड्या वेळानं आतूनच तिनं वाचलं, "काम सूनबाईचं. डाग माझा."

मी मटकन दोरीपलीकडच्या खुर्चीत बसले. कुणी उठवलं नाही. देवा, या माणसाचे पांग मी कसे फेडणार होते?

"मग आता खरं कुणाचं मानायचं?" गाईडनं हळूच विचारलं.

"माझं," मी डोळे पुसले. "आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं त्यांनी, तेही माझ्यासाठी."

नातीनं वही उघडली. "आजी, मी काय लिहू?"

"लिही. काम मामंजींचं. डाग माझा."