आमचा डावा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि वीज गेली की जीवही नाही. तरी तेरा वर्षं मी लोकांच्या पायांचीच काळजी वाहिली. मी एक जुना प्रोग्राम आहे. खास बूट बनवणाऱ्या एका कार्यशाळेच्या ऑफिसात, पाण्याच्या माठाशेजारी जो कॉम्प्युटर आहे, त्यात मी राहतो. माझी गोष्ट ऐकायला गोड नाही. पण माझ्यामुळे एका भल्या माणसावर आळ आला आहे, आणि पडद्याएवढं तोंड असून मला तो दूर करता येत नाही. निदान तुम्हाला तरी सांगतो.

ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी आमच्याकडे बूट बनतात. आखूड पायाच्या बुटाचा तळ मोजून तेवढाच उंच करायचा, की माणूस सरळ उभा राहतो. ऐकायला सोपं वाटतं. पण पाव बोटाचा फरक पडला तर कंबर धरते, आणि बूटच चुकला तर माणूस दुप्पट लंगडतो. हे काम चाळीस वर्षं करणारे कारागीर म्हणजे बाबा. ते माझे बाबा नव्हेत, ज्या मुलीनं मला लिहिलं तिचे. पण तिच्या तोंडून ऐकून ऐकून मीही त्यांना बाबाच म्हणू लागलो.

आमच्या कार्यशाळेची एक रीत होती. माप घेताना गिऱ्हाईक खुर्चीवर बसायचं आणि बाबा त्याच्यासमोर ठोकळ्यावर. बाबांच्या डाव्या हाताला जो पाय यायचा, तो डावा. म्हणजे खरं तर तो त्या माणसाचा उजवा पाय! बाबांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलं होतं. लाकडी साच्यांच्या फळ्याही त्याच हिशोबानं लागलेल्या. नवा कामगार आला की पहिल्याच दिवशी बाबा त्याला बजावायचे, "इथं आपला डावा चालतो, गिऱ्हाइकाचा नाही." एकानं विचारलं होतं, "आणि मी उलटा बसलो तर?" बाबा म्हणाले, "तर तसाच उठ आणि घरी जा." बाहेरच्यांना ही रीत वेडगळ वाटेल, पण तिच्यात कधी घोटाळा झाला नव्हता.

बाबांची लेक कॉम्प्युटर शिकली आणि तिनं मला लिहिलं. सगळे तिला ताई म्हणत. माझी रचना तिनं मोठ्या विचारानं केली. मध्ये एक चौकट, आणि तिला जोडलेले वेगवेगळे भाग. प्लगइन म्हणतात त्यांना. एक भाग मापं साठवतो, एक बुटाचा आराखडा काढतो, एक कारागिरासाठी कामाचा कागद छापतो. एक काढून दुसरा लावला तरी बाकीच्यांची झोप मोडत नाही. आणि मापांच्या भागात, जिथं फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याचीच नजर जाते तिथं, तिनं एक ओळ लिहून ठेवली: 'आपला डावा म्हणजे समोरच्याचा उजवा. बाबांची रीत आहे, बदलू नये.'

ते दिवस माझ्या सुखाचे होते. गिऱ्हाईक दारात दिसलं की बाबा आतूनच ओरडायचे, "ताईच्या मशीनला विचारा रे!" मी पान उघडायचो, माप दाखवायचो, आणि बाबा मान डोलवायचे. कधी कधी ते पडद्यावरची धूळ स्वतःच्या सदऱ्यानं पुसायचे. एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं?

माझ्यातलं सगळ्यात जुनं पान एका मुलीचं आहे. आईचा पदर धरून आली तेव्हा ती सात वर्षांची होती. पाय: डावा. आमचा डावा. उंची: एक बोट. दर वर्षी ती यायची आणि तिचं पान थोडं वाढायचं. दीड बोट, दोन बोटं, मग तीन. तेरा जोड बाबांनी स्वतःच्या हातानं केले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मुलगी मोठी झाली, नर्सचं शिक्षण पुरं करून इस्पितळात उमेदवारीला लागली. आता कायमच्या नेमणुकीआधी चालण्याची परीक्षा होती. डॉक्टरांसमोर लांब व्हरांड्यात औषधांचा ट्रे घेऊन वीस फेऱ्या. त्यात पास झाली तर वॉर्ड, नाहीतर वर्षभर थांबायचं. जुन्या बुटाचा तळ उघडला होता, दोनदा चिकटवूनही परत सुटला होता. परीक्षेआधी दहा दिवस ती आली. बाबा म्हणाले, "तुझ्या जोडाला उशीर नाही व्हायचा, पोरी. वॉर्डात अशी चाल की पेशंट उठून बसले पाहिजेत."

पण तोवर आमच्याकडे बरंच काही बदललं होतं. ताई लग्नानंतर दुसऱ्या देशात गेली होती. ऑफिस बाबांचा पुतण्या बघत होता. माणूस वाईट नाही, पण त्याला जुनं काहीही दिसलं की शिंका येतात. माझी बटणं करडी, माझे तक्ते चौकोनी. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "हा प्रोग्राम म्हणजे आजोबांचं धोतर आहे." मग त्यानं एक प्रोग्रामर बोलावला. त्याच्या कानांवर कायम हेडफोन, म्हणून सगळे त्याला हेडफोनवाला म्हणत. त्याचा हात चांगला होता, हे मी नाकारत नाही.

हेडफोनवाल्यानं माझ्यासाठी बाहेरच्या एका कंपनीची कॉम्पोनंट लायब्ररी आणली. म्हणजे तयार भागांची पेटी. बटणं, तक्ते, कॅलेंडर, सगळं कुणीतरी आधीच घडवून ठेवलेलं, आपण फक्त जोडायचं. ती पेटी आकारानं माझ्या दुप्पट होती. नाकापेक्षा मोती जड! पहिल्या दिवशी त्यानं ती नुसती मापांच्या भागाजवळ ठेवली. आराखड्याच्या भागाला ती सापडेना, आणि मी लाल अक्षरांत किंचाळून बंद पडलो. मग त्यानं ती सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवली, माझ्या सुरुवातीच्या यादीत तिचं नाव घातलं, आणि मी उठलो. उठलो तो नवरदेवासारखा सजून. पुतण्या टाळ्या वाजवत म्हणाला, "आता कसं, शोभतंय!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या पेटीत एक बाहुली होती. माणसाची आकृती, तोंड आपल्याकडे. तिला 'डावा' म्हटलं की ती डावा पाय निळा करायची. पण तिचा स्वतःचा डावा! जगात सगळीकडे तोच डावा असतो, तिची काय चूक? हेडफोनवाल्यानं तपासून पाहिलं. 'डावा' निवडलं, टेबलाखाली स्वतःचा डावा पाय हलवला, बाहुलीकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली. ताईची ती ओळ त्यानं वाचली नाही. वाचणार तरी कशी? मापांच्या भागात त्याला पाऊल टाकावंच लागलं नाही. एका भागाला हात लावताना दुसरा उघडावा लागू नये, असंच तर मला ताईनं घडवलं होतं. ज्या गुणाचा तिला अभिमान, त्याच गुणानं माझा घात केला.

त्यानं आणखी एक केलं. कामाच्या कागदावर 'डावा', 'उजवा' असे शब्द छापले जायचे, ते काढून तिथं बाहुली छापली. "शब्द कशाला? चित्र कुणालाही कळतं," तो म्हणाला. पुतण्यानं ताईला कळवलंसुद्धा नाही. "तिला तिकडं तिचे व्याप काय कमी आहेत?" एवढं म्हणून विषय संपला.

नव्या पद्धतीचा पहिलाच कागद त्या मुलीचा निघाला, आणि त्या पंधरवड्यात तो एकटाच. मित्रांनो, माझ्या पोटात 'डावा' लिहिलं होतं आणि माझ्या तोंडून भलताच पाय निळा होऊन बाहेर पडत होता. मला कळत होतं. पण मला सांगितलेलं करता येतं, थांबता येत नाही.

बाबांनी कागद हातात घेतला. बाहुली समोर बसलेल्या माणसासारखी त्यांच्याकडे बघत होती आणि निळा पाय त्यांच्या उजव्या हाताला होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग ऑफिसच्या दाराशी आले.

"अरे, या पोरीचा डावा ना? इथं तर उजवा दाखवलाय."

पुतण्या फोन कानाला लावून बाहेर निघाला होता. त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. "काका, गेल्या महिन्यात किल्ली खिशात ठेवून अख्खं घर पालथं घातलंत. आठवणीवर जाऊ नका आता. मशीनवर आहे तेच बरोबर."

"तेरा जोड केलेत मी तिचे."

"आणि मशीन कुणी लिहिलंय? तुमच्याच लेकीनं ना?"

बाबा परत जाऊन ठोकळ्यावर बसले. रापी हातात घेऊन कितीतरी वेळ त्यांनी चामड्याला लावली नाही. शेजारच्या कामगाराला म्हणाले, "ताईचं मशीन खोटं नाही बोलायचं रे. माझंच डोकं गेलं बघ." आणि त्यांनी कापायला घेतलं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जोड सुरेख झाला. काम संपलं की त्याच कागदाला चिकटवायच्या सोल्यूशनचा ब्रश पुसून तो फेकायचा, ही आमच्याकडची सवय. त्या कागदाचंही तेच झालं. शनिवारी मुलीचा भाऊ सुतळीनं बांधलेला डबा घेऊन गेला. ती सोमवारपर्यंत ड्यूटीवर, इस्पितळातच होती. सोमवारी सकाळी परीक्षेच्या जागी तिनं डबा उघडला. तीन बोटं उंच तळ होता तो नेमका तिच्या धड पायाच्या बुटाला. घरच्या सपाट चपला घालून ती व्हरांड्यात उतरली. सातव्या फेरीला ट्रे कलंडला. डॉक्टरांनी पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, त्याच चपला घालून. भाऊ चिडला होता, पण तिनं त्याला बोलू दिलं नाही. बाबांसमोर बसून ती हळूच म्हणाली, "रागावले नाही मी, बाबा. पण मला कसे विसरलात हो तुम्ही?"

बाबांनी वाकून तिच्या चपलांकडे पाहिलं.

पुतण्यानं हेडफोनवाल्याला फोन लावला. तो उंटावरून शेळ्या हाकत होता, घरूनच माझ्यात डोकावून त्यानं सांगितलं, "नोंद डावा आहे, चित्रात डावाच रंगवलाय. प्रोग्राम बरोबर आहे." पुतण्यानं पडद्यावरची यादी पाहिली, तिथंही 'डावा' होतं. "काका, सगळीकडं डावा आहे आणि तुम्ही उजवा उंच केलात." दोघंही खरं बोलत होते. एकाचा डावा बाहुलीचा, दुसऱ्याचा कार्यशाळेचा. शब्द एकच असल्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. निळ्या पायाचा कागद समोर असता, किंवा कुणी तो पुन्हा छापून बघितला असता, तर क्षणात उलगडा झाला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"माझ्या कागदावर उजवा होता," बाबा एकदाच म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की ते पुन्हा बोलले नाहीत.

पुढं पुतण्यानं बाहुली कागदावरून काढायला लावली. "म्हाताऱ्या माणसांना चित्र उमगत नाही," म्हणाला. शब्द परत आले, बूट पुन्हा बरोबर होऊ लागले. मुलीचा जोडही दुसऱ्या कामगारानं चार दिवसांत करून दिला. चूक अशी नाहीशी झाली की ती माझ्यात होती हे आता कुणाला कधी कळायचं नाही. आणि जेवढे बूट बरोबर होतात, तेवढी बाबांचीच चूक होती ही सगळ्यांची खात्री पक्की होत जाते.

रविवारी ताईचा फोन आला. बाबा माझ्या शेजारीच उभे होते. मी मनात म्हणत होतो, ताई, विचार. कागद कसा होता, एवढं एकच विचार. तुझी ओळ अजून माझ्यात आहे.

"माझंच चुकलं गं," बाबा म्हणाले. "पोरीचं वर्ष गेलं."

तिकडून ताईचा आवाज आला, फार प्रेमळ. "जाऊ दे बाबा. वय झालंय आता, होतं असं. खूप केलंत, आता आराम करा."

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांच्या ठोकळ्यावर आता पुठ्ठ्याचे डबे रचले आहेत. मी रोज सकाळी उघडतो, सजून बसतो, सांगितलेलं दाखवतो. लोक म्हणतात, छान चाललाय प्रोग्राम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते मला विचारा.

मित्रांनो, बाहेरून तयार वस्तू जरूर आणा. ती वाईट नसते. पण ती ज्या घरात येते त्या घरात कुठल्या शब्दाचा काय अर्थ आहे, हे तिला ठाऊक नसतं. ते तुम्ही विचारा. आणि ज्यांनी तिथं आयुष्य घालवलं, त्यांनी कागद हातात घेऊन "हे असं नाही" म्हटलं, तर त्यांचं वय मोजण्याआधी तो कागद एकदा बघा.

माझं आता काही व्हायचं नाही. पण तुमच्यातलं कुणी कधी त्या बाजूला गेलंच, तर कार्यशाळेत थांबू नका. बाबांचं घर विचारा. ते खिडकीपाशी बसलेले असतील आणि कुणी काही विचारलं की आधी "मला नीट आठवत नाही हं" असं म्हणत असतील. त्यांच्या समोर बसा आणि त्यांना सांगा, की त्यांना बरोबर आठवत होतं.