डावी पाकळी

मी खोटं बोलतो, पण कामापुरतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

मुळगावात माझी थोरली बहीण कमलाक्षी आणि मी शेजारी शेजारी राहतो, मधे फक्त तिचा गोठा. भावोजी मोटारसायकलवरून वाळपईला गेले, वाटेत अपघात झाला, ते परत आले नाहीत, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. निघण्याआधी त्यांनी देवीला विचारलं नव्हतं, म्हणून असं झालं, हे तायच्या मनाने घेतलं. आता वाळपईला जायला देवीला कोण विचारतं? पण तेव्हापासून ताय सगळं विचारून करू लागली. कौलं फिरवायची, विचार. गाय विकायची, विचार.

आमच्याकडे याला प्रसाद लावणं म्हणतात. गुरव देवीच्या मूर्तीवर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आपण श्वास धरून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार, आणि मग त्या कामाचं नाव काढायचं नाही.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत तायची एकुलती मुलगी सुप्रिया डिचोलीकडच्या एका छोट्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज इतकं छोटं की बास्केटबॉलच्या संघाला सात मुली मिळाल्या, त्यातली एक दम्याची. तरी त्या पोरींनी आंतरकॉलेज स्पर्धेची फायनल गाठली. मी खाणीवर टाइमकीपर. चाळिशी उलटल्यावर माणसाला भजनाचं वेड लागतं, मला या खेळाचं लागलं. सुप्रियाची एकही मॅच मी चुकवली नव्हती. रजा संपली तेव्हा माझी सख्खी मावशी दोनदा वारली. साहेबाने दुसऱ्यांदाही दुखवटा व्यक्त केला, देवमाणूस.

फायनल होती शनिवारी, पणजीला, आणि तो काळ वाईट. राजभाषेवरून आंदोलन पेटलेलं. एका भिंतीवर मराठी, समोरच्या भिंतीवर कोंकणी, आणि रस्त्यावर आज झाड आडवं, उद्या जळता टायर. त्यात आदल्या पावसाळ्यात मांडवीवरचा पूल पडलेला, त्यामुळे पणजीला जायचं तर बेतीहून फेरीबोटीनेच. तायला एवढं पुरे होतं.

सोमवारी तिने मला हाक मारली. "गुरू, देवीक विचार. उजवी दिली तर पोर वतली. डावी दिली तर घरांत रवतली."

"तूच विचार की."

"माका बरें दिसना. तू वच."

मी गेलो. सगुण गुरव गाभाऱ्यात होता. भाचीने पणजीला खेळायला जावं की नाही, असं मी म्हटलं तर त्याने हातातलं तांब्याचं ताट तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

"होच सवाल?"

"होच. कित्याक, देवीला बास्केटबॉल कळत नाही?"

मला राग आला होता. माणसाने काय विचारावं हे आता गुरव ठरवणार? त्याने ताट खाली ठेवलं. पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी दोन मिनिटंसुद्धा बसलो नसेन. डावी पडली. घरंगळत, रेंगाळत नाही, टपकन पडली.

देवळापासून घरापर्यंत मी विचार करत आलो. सुप्रिया पहाटे साडेपाचला उठून गोठ्याच्या भिंतीवर खुणेच्या चौकोनात चेंडू मारायची, ते मला माझ्या खोलीत ऐकू यायचं. तीन वर्षं ऐकलं होतं. कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, पुढे लग्न, चूल, संपलं. ताय दारात उभी होती.

"उजवी," मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरें," म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्रीपासून शनिवारपर्यंत मला धड झोप लागली नाही. देवावर माझा विश्वास किती, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता कळलं, चांगलाच होता.

शनिवारी सकाळी आठला मुली कॉलेजच्या मिनीबसने निघाल्या. मी दहाची बस पकडली. पोरीला काही झालं तर निदान मी तिथे असावं, एवढाच माझा हिशेब. पर्वरीला बस उभी राहिली. पुढे गाड्यांची रांग लागलेली, ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता.

"किदें जालें?" मी विचारलं.

"गाडी पडल्या खंय तरी, उतरणीर," कुणीतरी म्हणालं.

"कसली गाडी? मिनीबस?"

"कोण जाणां."

मी उतरलो आणि धावत सुटलो. खाण्याच्या डब्याची पिशवी गुडघ्यावर आपटतेय, चप्पल निसटतेय, लोक बघतायत. वळणावर पोचलो तर काजूच्या झाडाला टेकलेला खनिजाचा ट्रक, आणि त्याचा क्लीनर शांतपणे विडी ओढतोय. त्याला मिठी मारावी की थोबाडीत द्यावी हे मला कळेना. तिथून बेतीपर्यंत चालत गेलो. फेरीबोटीत चढल्यावर पहिल्यांदा लाइफबॉय कुठे आहेत ते बघून घेतलं. मुली दोन तासांपूर्वीच पलीकडे गेल्या होत्या, तरी बघितलं. भ्यालेल्या माणसाला वेळेचं भान नसतं.

मैदानावर पोचलो तेव्हा सुप्रिया धडधाकट होती, केस घट्ट बांधून पळत होती. समोर मडगावकडचा संघ, सगळ्या एकसारख्या बुटांतल्या, आमच्यापेक्षा वीतभर उंच. आमच्या पोरींचे शर्ट डिचोलीच्या शिंप्याने शिवलेले, पाठीवरचा सात नंबर एकासारखा दिसत होता. त्यांचे लोक ओरडत होते, "मार गे बाये, मार!" आणि आमचे लोकही ओरडत होते, "मार गे बाये, मार!" भिंतीवरचं भांडण कुणाला आठवत नव्हतं.

मला मात्र खेळ दिसेना. मला सिमेंट दिसत होतं. रिंगच्या खांबाचा लोखंडी पाया, त्याचे कोपरे. त्याला काथ्या तरी गुंडाळायचा! सुप्रिया उडी मारायची आणि ती खाली येईपर्यंत मी देवीला सांगायचो, खोटं मी बोललोय, माझा पाय मोड. हळूहळू मी पांढऱ्या रेषेपर्यंत सरकलो. पंचाने शिटी वाजवून मला बोट दाखवलं.

"काका, मागे. रेषेच्या आत आलात तर तुमच्या संघाला महागात पडेल."

आमच्या पोरींच्या सरांनीही हात जोडले. मी मागे झालो.

शेवटचं मिनिट. आम्ही एक्केचाळीस, त्या चाळीस. आमच्या आयुष्यात कधी न मिळालेली ढाल तिथे टेबलावर ठेवलेली. त्यांचा चेंडू रिंगवर आपटून वर उडाला. सुप्रिया आणि त्यांची एक उंच मुलगी दोघी झेपावल्या. चेंडू सुप्रियाला मिळाला, पण तिचा पाय घसरला आणि ती खांबापाशी पालथी पडली. चेंडू पोटाशी धरून. उठली नाही.

मी पाहिलं ते एवढंच. टपकन पडली, डावीसारखी.

"देवी, मी फटिंग! तिका सोड!" असं ओरडत मी आत शिरलो. सत्तावीस पावलं नसतील, पण सबंध मैदान पार केलं. तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो, तिला उताणं केलं. ती माझ्याकडे बघत होती, डोळे मोठे करून. गुडघ्याला खरचटलं होतं, बस्स.

"मामा," ती म्हणाली, "हांव चेंडू धरून वेळ काडटालें. तुका आंत येवंक कोणें सांगलें?"

मग शिटी ऐकू आली.

आमच्या संघावर टेक्निकल फाऊल, त्यांना दोन फ्री थ्रो. त्या उंच मुलीने दोन्ही घातले. उरलेल्या काही सेकंदांत आमच्या पोरींना रिंगपर्यंत पोचता आलं नाही. बेचाळीस-एक्केचाळीस. दम्याची ती पोर बाकावर बसून रडली. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना सरांनी मला मिनीबसमध्ये घेतलं, बहुधा मी आणखी कुठे घुसू नये म्हणून. फेरीबोटीत सुप्रिया माझ्याशेजारी उभी राहिली, पाण्याकडे तोंड करून. माझा डबा तसाच होता. तो तिला द्यायचं धाडस मला झालं नाही.

दिवेलागण उलटल्यावर घरी पोचलो. ताय तुळशीपाशी बसली होती, सकाळी नेसलेलं लुगडं तेच. तिने आधी मुलीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, नजर गुडघ्यावर क्षणभर थांबली, आणि ती भिंतीला टेकली. आत चूल थंड होती. दिवसभर तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

माझ्याने राहवेना. "ताय, मी फट मारली. डावी पडलेली."

"खबर आसा."

"सगुणाने सांगितलं?"

"सगुण कित्याक सांगतलो? आयतवारा हांव गेल्लें. माकाय डावीच दिली."

म्हणूनच तो गुरव हातात ताट धरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मग मला कशाला धाडलंस?"

ताय पदराचा काठ चिमटीत धरून बसली. "पोरीक ना म्हणपाक माका जमलें ना. आनी वच म्हणपाक तोंड उकतें जायना. तू ल्हानपणासून फटिंग. म्हटलें, डावी पडली तरी गुरू उजवीच सांगतलो."

म्हणजे पाच दिवस आम्ही दोघं, गोठ्याच्या अल्याड-पल्याड, एकाच भीतीने जागे होतो आणि एकमेकांना चहा विचारत होतो. मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

सुप्रिया उंबऱ्यावर उभी राहून सगळं ऐकत होती. आता रागवेल, असं मला वाटलं. ती आईजवळ येऊन बसली आणि खरचटलेला गुडघा तिने तिच्या मांडीवर ठेवला.

"देवीन बरोबर सांगिल्लें," ती म्हणाली. "पूण तें माका न्हय. मामाक वचूं नको म्हटलां."

ताय हसली नाही. तिने तुळशीतली चिमूटभर माती घेऊन गुडघ्याला लावली, मग ती पुसून टाकली आणि हळद आणायला उठली. सुप्रियाने तिला खाली ओढलं.

"आई, फुडल्या आयतवारा दुसऱ्या स्पर्धेची मॅच आसा. म्हापशां. सात जाणींतली एक जरी ना आयली तरी संघ लंगडो." तिने माझ्याकडे न बघता पुढे जोडलं, "सर म्हणाले, मामाने यायचं नाही."

मी मान खाली घातली. आता ताय प्रसाद लावायला सांगेल, आणि या वेळी मी खरं सांगेन, असं मी मनाशी ठरवत होतो.

ताय भिंतीचा आधार घेऊन उठली, आत गेली, आणि चुलीत शेणी रचता रचता तिकडे तोंड करूनच म्हणाली, "गुरू, म्हापशांची बस कितक्याक सुटता?"

"आठाक. कित्याक?"

"हांव वतलें."

"देवीक विचारूं?"

"नाका," ताय म्हणाली, आणि तिने काडी ओढली.