महिपतचा सत्याग्रह

“अरे, पुरा फिरव की! आडवाच काय ठेवलास त्याला?” नामा खळ्यातून ओरडला.

भाताची मळणी चालली होती. बैलाचं तोंड म्हसा गावाच्या बाजूला होतं, ते उलट मुरबाड गावाकडे करायचं, एवढंच त्याच्या धाकट्या भावाकडे, महिपतकडे, काम. त्याने कासरा ओढला तसा बैल अर्धा वळला आणि डोंगराकडे तोंड करून थांबला. महिपतने तेवढाच आणखी एक हिसका दिला. बैल मुरबाडकडे झाला.

महिपतच्या हातातून कासरा गळून पडला.

तोंड उलट करणं म्हणजे उणे एकाने गुणणं. मग जे वळण दोनदा घेतलं की तोंड उलट होतं, ते एक वळण म्हणजे उणे एकाचं वर्गमूळ! ती काल्पनिक संख्या त्याने इतकी वर्षं संख्यांच्या सरळ रेषेवरच पुढे-मागे शोधली, आणि ती बाजूला डोंगराकडे तोंड करून उभी होती.

एकोणीसशे तीस साली मुंबईच्या कॉलेजात, गोऱ्या साहेबाच्या परीक्षेत, त्याने याच संख्येच्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, ‘जी संख्या नाही, तिचं गणित मी करणार नाही,’ आणि तडक घर गाठलं होतं. दिवस सत्याग्रहाचे. कुणी मिठासाठी केला, कुणी जंगलासाठी. महिपतने वर्गमुळासाठी केला, असं गावाने धरलं. मिरवणूक काढली. भाऊ शिकावा म्हणून स्वतः नांगराला राहिलेला नामा सर्वांत पुढे नाचला. महिपत इंजिनियर व्हायचा राहिला आणि शाळामास्तर झाला, पण गावात मान मोठा.

“दादा,” तो म्हणाला, “ती संख्या हाय रे.”

“कोनती?”

“मी नाय म्हटली ती. चुकलो मी.”

नामा पेंढा झाडायचा थांबला. “म्हंजे सायबाचं खरं व्हतं?”

“हां.”

“आजून कुनाला बोललास?”

“नाय.”

“मंग नको बोलू.”

संध्याकाळी खळ्याच्या पूजेला माणसं जमली. शेजारचा नथू म्हणाला, “मास्तर, तुमच्या परीक्षेचं सांगा की! पावण्यांना ठावं नाय.”

महिपतने घसा खाकरला, पण नामाच सुरू झाला. “माझा भाव सायबाच्या तोंडावर बोलला, ‘जे नाय त्याला मी हाय नाय बोलनार!’” आवाज नेहमीपेक्षा चढा. यंदा गोष्टीत दोन बंदूकवाले शिपाईही आले होते. महिपतकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.

खळ्याच्या कडेला बैल मोकळा उभा होता, डोंगराकडे तोंड करून. महिपत उठला आणि त्याच्या शेजारी, तसाच, जाऊन उभा राहिला.