सात चाळीसची स्लाइड

मी सत्त्याहत्तरावी पेशी मोजत होते तेव्हा मावशींनी विचारलं, "ताई, मागच्या महिन्याचा डबा रिकामा करू का?" आणि माझं बोट मोजणीच्या बटणावर तसंच थांबलं.

मावशी आमच्या लॅबमध्ये साफसफाई बघतात. तपासून झालेल्या स्लाइड आम्ही महिनाभर लाकडी डब्यात उभ्या लावून ठेवतो. महिना झाला की मावशी त्या जंतुनाशकात बुडवतात आणि टाकून देतात. त्या डब्यात माझ्या भावाची स्लाइड होती.

"दुपारनंतर घ्या," मी म्हटलं.

"सकाळपासून चौथ्यांदा दुपारनंतर म्हणताय," मावशी म्हणाल्या. "आता दुपारच झाली."

एकतीस वर्षं मी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजते आहे. शंभर झाल्या की यंत्र टिंग करतं. या पेशींत सगळ्यांत जास्त असतात न्यूट्रोफिल. तीन-चार गाठींचं जांभळं केंद्र, आयुष्य जेमतेम एखाद्या दिवसाचं. अंगात जंतू शिरला की पहिल्यांदा याच धावतात, त्याला गिळतात आणि मरतात. पू म्हणजे बहुतेक त्यांचाच ढीग. शिकायला येणाऱ्या मुलींना सगळे सांगतात की हे शरीराचे सैनिक. मला मात्र ते कायम हमालांसारखे वाटत आले. दिसलं ओझं की उचलायचं, आत काय आहे ते विचारायचं नाही.

माझ्या भावाला घरात बारक्या म्हणत. वजन नव्वद किलो, वय बावन्न, तरी बारक्याच. चौकात किल्ल्या बनवून द्यायचा. माझं लग्नाचं राहून गेलं, आईवडील गेले, मग मला माणूस म्हणून तो आणि त्याची बायको एवढीच. माझ्या घराची एक किल्ली त्यानेच बनवून स्वतःकडे ठेवली होती. "म्हातारपणी दार लावून पडलीस तर कोण उघडणार?" म्हणायचा. मी म्हणायचे, तू आधी जिना चढून दाखव.

गेल्या महिन्यात किल्ली घासताना पत्र्याची कड त्याच्या अंगठ्यात घुसली. अंगठा सुजला, दोन दिवसांनी थंडी वाजून आली. सोमवारी सकाळी मी कामावर येताना त्याच्याकडे वाट वाकडी करून गेले आणि ओट्याशेजारी बसवून त्याचं रक्त काढलं. नळी पिशवीत टाकली, लॅबच्या स्टँडमध्ये ठेवली आणि विसरले. विसरले म्हणजे मुद्दामच. आमच्याकडे रीत आहे, घरच्या माणसाचं रक्त रांग संपल्यावर घ्यायचं. ही रीत मीच पाडली. लोक सकाळपासून ताटकळत बसतात, त्यांच्या डोक्यावरून आपल्या भावाला पुढे काढायचं, हे मला कधी जमलं नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

तीन वाजता बघितलं. पेशींचा एकूण आकडा सात हजार, अगदी शहाण्यासारखा. जंतू पसरला असता तर आकडा चढला असता. पण न्यूट्रोफिलमध्ये भोकं दिसत होती, किडा लागलेल्या पानासारखी. एका पेशीत दोन-तीन ठिपके होते. मी मनात म्हटलं, नळीत रक्त शिळं झालं की पेशींना अशी भोकं पडतातच, आणि ठिपके म्हणजे पेशी रंगवायच्या रंगाचा गाळ असणार. एकतीस वर्षांत असं शेकडो वेळा पाहिलंय. फोन केला. "नॉर्मल आहे रे. गोळी घे आणि झोप."

त्याने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं एका शब्दात ऐकलं.

त्या संध्याकाळी अंगठा ठणकायला लागला म्हणून भावजयीने सुई गरम करून सूज टोचली आणि दाबली. पू आला नाही. बुधवारी त्याला दवाखान्यात नेलं, गुरुवारी तो गेला. घरात माणसं जमलेली असताना आमच्या काकूंनी सगळ्यांसमोर भावजयीला सुनावलं, "सुई घातली नसतीस तर विष अंगात भिनलं नसतं." मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. मला रडूही आलं नाही आणि बोलताही आलं नाही. त्या दिवसापासून अंगाला सुन्नपणाची भूल दिल्यासारखं आहे. टोचलं तर कळतं, पण दुखत नाही.

तो गेल्यावर आठवड्याने मला आठवलं. भांडी घासताना आठवलं. रक्त काढलं तेव्हा सुईच्या टोकाला एक थेंब उरला होता, आणि सवयीने मी तो तिथेच, ओट्यावर, काचेवर ओढला होता. तरुणपणी एका गुरूंनी लावलेली सवय. ताज्या थेंबाची फिल्म, म्हणजे काचेवरचा पातळ थर, सगळ्यांत खरी असते. काच वाळवली, डबीत घातली, लॅबमध्ये रांग संपल्यावर रंगवली. म्हणजे शिळं झालं ते नळीतलं रक्त. मी पाहिलं ते ताजं होतं.

तेव्हापासून ती काच डब्यात होती आणि मी रोज डब्याशेजारी बसून काम करत होते.

मावशी दाराशी उभ्याच होत्या. मी स्लाइड काढली आणि मॅडमच्या खोलीत नेली. मॅडम आमच्या लॅबच्या डॉक्टर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, स्वभावाने गरीब. भावाची आहे म्हणत काच मी दुर्बिणीखाली लावली, पण कडेचा खरखरीत भाग अंगठ्याखाली धरूनच ठेवला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ताई, हा गाळ नाही. जंतू आहेत. पेशीच्या पोटात."

"मग पेशीने गिळलेत ना? गिळले म्हणजे मेले."

"तसंच आपण धरून चालतो. काही जंतू गिळले गेले तरी मरत नाहीत. पेशीची मारायची सोयच बंद पाडतात आणि आत मजेत राहतात. पेशी बिचारी त्यांना रक्तातून घेऊन फिरते. बाहेर राहिलेले तिला भोकं पाडणारं विष सोडतात, ती फुटते. शंभर तयार झाल्या आणि शंभर फुटल्या, तर आकडा वाढणार कसा? आपण आकडा बघतो आणि म्हणतो, सगळं ठीक आहे."

मला माझे हमाल आठवले. आपल्या पाठीवर काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

मॅडमनी डोळे वर केले. "रक्त किती शिळं होतं?"

"नळी जवळजवळ साडेसात तास पडून होती."

"मग झालं तर. शिळ्या रक्तात भोकं पडतात, जंतूही नंतर वाढू शकतात. यावरून कुणालाच काही ठाम सांगता आलं नसतं. मलाही नाही. उगीच स्वतःला छळू नका."

मी हो म्हटलं. अंगठा उचलला नाही. स्लाइड घेऊन जागेवर आले, तर माझ्या स्टुलावर भावजय बसली होती. महिन्याभरात ती निम्मी झाली होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"ताई, एक विचारायचंय. घरी नको वाटलं विचारायला." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुम्ही रोज हेच बघता. मला खरं सांगा. मी सुई टोचली म्हणून पसरलं का? काकू म्हणाल्या ते परवडलं, पण आता शेजारणी पण माझ्या हातचं काही घेताना हाताकडे बघतात. मीसुद्धा बघते."

तिने हात पुढे केला. साधा हात, भाजी चिरून काळी पडलेली बोटं.

मला मॅडमचं वाक्य तोंडपाठ झालं होतं. कुणालाच काही ठाम सांगता आलं नसतं. तेवढं म्हटलं असतं तर दोघींचंही भागलं असतं, निदान माझं तरी. ती पुढेही दर रविवारी आली असती, मी तिच्याकडे गेले असते. माझ्याकडे दुसरं कोणी नाही, हे मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं.

मी स्लाइड तिच्यासमोर ठेवली आणि अंगठा काढला. खरखरीत कडेवर पेन्सिलीने लिहिलं होतं: तारीख, आणि खाली सकाळी ७.४०.

"हे माझं अक्षर. तुझ्या ओट्यावर लिहिलेलं. तू बारक्यासाठी चहा ठेवला होतास, आठवतं?"

"हो."

"तू सुई कधी टोचलीस?"

"संध्याकाळी. सात वाजले असतील. तुमचा फोन येऊन गेल्यावर."

"सकाळीच जंतू रक्तात होते. या काचेवर आहेत. तू टोचायच्या आधी अकरा तास. तुझ्या सुईने काही झालं नाही."

ती काचेकडे बघत राहिली. मग तिने विचारलंच. ती काही वेडी नव्हती. "दिसत होते?"

"दिसत होते. मला दिसले. मी रक्त शिळं आहे समजले. शिळं नव्हतं."

"त्या दिवशी कळलं असतं तर?"

"दोन दिवस आधी इंजेक्शनं सुरू झाली असती. वाचला असता की नाही, ते नाही सांगता येत. पण संधी होती."

भावजयीने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, मग सुलटे केले.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली. मला उद्देशून नव्हे, नवी चप्पल पायात घालून बघावी तसं.

"नाही. काकूंना मी स्वतः जाऊन सांगते."

तिने मान हलवली. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातली एक किल्ली काढायला तिला वेळ लागला, कडी घट्ट होती. बारक्याच्या कड्या घट्टच असत. किल्ली तिने दुर्बिणीशेजारी ठेवली. फेकली नाही, ठेवली. मग उठली, स्टूल आत सरकवलं आणि गेली.

माझ्या घराची ती किल्ली कोरी करकरीत होती. एकदाही वापरलेली नव्हती. दारावर थाप पडली की मी नेहमी घरातच असायचे.

मी स्टुलावर बसले. यंत्रावर सत्त्याहत्तर आकडा तसाच होता. उरलेल्या तेवीस मोजल्या, टिंग झालं, रिपोर्ट लिहिला. मग मावशींना हाक मारली आणि डबा दिला.

"यात एक खाच रिकामी आहे," मावशी म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं, "ती माझ्याकडे आहे."