पिकल्या केसांचा मेंढपाळ

नाताळात आमच्या चर्चमध्ये आलात आणि वेदीच्या डाव्या हाताला मांडलेला गोठा नीट पाहिलात, तर गाढवाच्या मागे उभा असलेला दिसतो ना, तो मी. हो, मागेच. गाढवाला पुढची जागा, कारण त्याने म्हणे मरियमेला पाठीवर बसवून आणलं. मी काय आणलं? एक काठी आणि खांद्यावर एक कोकरू. तेव्हा मान गाढवाचा. मी त्याबद्दल काही बोलत नाही.

मी हातभर उंचीचा लाकडी मेंढपाळ. खरं तर माझ्यासारख्याने गप्प उभं राहावं हेच बरं. पण या वर्षी जे झालं त्यावर कुणीतरी बोलायला हवं, आणि गाढव काही बोलणार नाही.

आधी इथली रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गोठ्यातल्या मूर्ती वर्षभर वेदीमागच्या खोलीत जुन्या पडद्यांत गुंडाळून ठेवलेल्या असतात. नाताळ जवळ आला की एकेका घराने एकेक मूर्ती न्यायची, धुवायची, रंग उडाला असेल तिथे रंगवायची आणि नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी कडेवर घेऊन परत आणायची. योसेफ दूधवाल्याकडे जातो, मरियम शाळेतल्या बाईंकडे. उंटाला कुणी नेत नाही, कारण त्याचा पाय मोडलाय आणि नेईल त्याला तो बसवावा लागेल. फादर दरवर्षी विचारतात, "उंट कोण नेतंय?" आणि सगळे छताकडे बघतात. मी जातो सुताराच्या घरी. मी तिथलाच.

सुताराला दोन मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. थोरला बापाच्या हाताखाली शिकत होता, पण बापाच्या मनासारखं त्याच्या हातून काही उतरेना. एका वर्षी नाताळसाठी चर्चला नवा बाक हवा होता. पोराने तो एकट्याने केला, बापाला हात लावू दिला नाही. हे मी ऐकीव सांगतोय, मी तेव्हा चर्चमध्ये नव्हतो. नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती, निम्मं गाव जमलं होतं. सुतार आला, त्याने बाकावर पंजा टेकला आणि जरा दाब दिला. बाक डुगडुगला.

"यावर बसून माणूस प्रार्थना करेल की तोल सांभाळेल?" सुतार म्हणाला.

लोक हसले. लोकांना हसायला काय लागतं! पोरगा काहीतरी बोलला, बाप त्यावर बोलला, शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी बापाच्या तोंडून गेलं, "चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

पोरगा गेला. संध्याकाळी कुणीतरी त्याला तळ्यावर घरची होडी सोडताना पाहिलं. पुढे बऱ्याच दिवसांनी ती होडी पलीकडच्या काठाला गवतात अडकलेली सापडली. आत कुणी नव्हतं. तळं शोधून झालं, पलीकडची गावं शोधून झाली. ना माणूस मिळाला, ना मढं.

त्या होडीच्या पुढच्या टोकाचं जाड लाकूड म्हणजे मी. सुताराने होडी मोडली, मला घेतलं आणि आतून कडी लावून कोरायला बसला. ज्याला तोंड दाखवू नकोस म्हणाला होता, त्याचंच तोंड त्याने कोरलं. पुढे आलेला वरचा ओठ, लहानपणी पडल्याने मध्येच तुटलेली डावी भुवई, सगळं जसंच्या तसं.

आता तुम्ही म्हणाल, अरे, तू तर होडीतच होतास, तुला ठाऊक असेलच. हाच प्रश्न मला खातो. होतो मी. तो वल्हवत होता आणि रडत होता. मग अंगावरचं वजन एकदम उतरलं. एवढंच मला कळलं. ते पाण्यात उतरलं की काठावर, हे लाकडाला कसं कळावं? होडीला दोन्ही सारखंच. पण त्याचा चेहरा घेतल्यापासून ती संध्याकाळ मला सोडत नाही. वेदीमागच्या खोलीत पडद्यात गुंडाळलेला असताना मध्येच अंग हलकं होतं आणि मी दचकतो. "लाकूड तडकलं वाटतं," झाडलोट करणारी बाई म्हणते आणि घाईघाईने दिवा घेऊन निघून जाते.

सुताराने मला बायकोपुढे ठेवलं तो दिवस मला लख्ख आठवतो.

"रंगव याला," तो म्हणाला. "गोठ्यात ठेवू. फादर त्याच्यासाठी मृतांची मिस्सा म्हणतील. आत्म्याला शांती मिळेल."

"कुणाच्या आत्म्याला?" ती म्हणाली. "तो रुसलाय. रुसलेल्या माणसासाठी कधी कुणी मिस्सा म्हणतं का?"

यावरून त्या घरात वाद असा झाला नाही, पण तो मिटलाही नाही. बापाला मुलगा मेलेला परवडत होता. तो जिवंत असेल, तर इतकी वर्षं त्याला बापाचं तोंडही बघायचं नाही असा अर्थ झाला असता. आईला मुलगा रुसलेला हवा होता. रुसवा काय, आज आहे, उद्या जातो. दोघं एका ताटात जेवतील इतकी माया एकमेकांवर, पण या एका गोष्टीत कुणी तसूभर मागे हटलं नाही.

पहिल्या वर्षी तिने माझे केस काळे रंगवले. पुढच्या नाताळात कपाळावर एक बारीक आठी काढली. मग डोळ्यांखाली जराशी सावली. मग गाल थोडे खाली आले. एका वर्षी तिने कानशिलावर दोन पांढरे केस काढले, तेव्हा धाकटी शेजारी बसून कोकरू पुसत होती.

"आई, हे गं काय?"

"मग तो काय तेवढाच राहिलाय? तुझं लग्न झालं, तुला पोरं झाली. तो तुझ्याहून मोठा."

धाकटी कोकरू पुसत राहिली. तेव्हा आईच हळू आवाजात म्हणाली, "मेलेली माणसं वाढत नाहीत गं. म्हणून मी याला वाढवते."

गावात हळूहळू बोलवा उठली, की तो मेंढपाळ आपोआप म्हातारा होतोय. सुताराच्या घरात कोण रंगवतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी उठलीच. माणसाला ठाऊक असलेलं पुरत नाही. पोरं पैज लावून मला बोट लावून पळायची. बायका मरियमेपुढे गुडघे टेकायच्या, पण माझ्या नजरेला नजर द्यायच्या नाहीत. थोरल्याच्या बरोबरीचा एक दोस्त तेवढा दर नाताळात माझ्यापुढे उभा राहायचा. "लेका, तुझ्या डोक्यावर अजून केस तरी आहेत," म्हणायचा, हसायचा आणि मग गुपचूप डोळे पुसायचा.

मग नवे फादर आले. उत्साही माणूस, मनाने चांगला. त्यांना वाटलं, दरवर्षी त्याच घरात तीच मूर्ती हे काही बरं नाही, सगळ्यांना पाळी मिळावी. चिठ्ठ्या टाकल्या आणि मी गेलो दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे. त्या गावात नव्या. त्यांनी माझ्यावरचे जुन्या रंगाचे सगळे थर खरवडून काढले. "बिचाऱ्याला उगाच म्हातारा करून ठेवलाय," म्हणत त्यांनी काळेभोर केस काढले, गालांवर लाली दिली. हौसेने केलं हो, त्यांना काय बोलणार!

नाताळच्या सकाळी मिस्सेनंतर लोक बाळ येशूच्या पायांचं चुंबन घ्यायला रांगेने येतात. सुताराची बायको रांगेत होती. ती वाकली, तिने मान वर केली आणि मी दिसलो. ती तिथेच फरशीवर बसली.

"गेला तेव्हा होता तसाच आलाय," ती धाकटीला म्हणाली. "एक दिवससुद्धा वाढला नाही."

मला उलटं फिरवून उभं राहता आलं असतं तर मी राहिलो असतो. तिच्यामागे सुतार होता. त्याला दिसला तो त्याने कोरलेला चेहरा, वर्षांचा रंग निघालेला. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर रडला.

"पोरा, बाक चांगला होता रे," तो म्हणाला. "मी घरी नेऊन ठेवून पाहिला. इथली फरशीच वाकडी आहे."

हे त्याने तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

फादर पार ओशाळले. पुढच्या नाताळापासून मी पुन्हा सुताराच्या घरी जाऊ लागलो. तिने पहिल्याच वर्षी गेलेली सगळी वर्षं माझ्यावर परत चढवली आणि शिवाय एकाची भर घातली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तरुण असताना मला माझीच भीती वाटत होती.

या वर्षी सुतार गेला.

मी वेदीमागच्या खोलीत होतो. घंटा ऐकली, आणि बाकीचं झाडलोट करणाऱ्या बाईच्या बोलण्यातून कळलं. सुताराच्या बायकोने फादरांना गळ घातली, तळ्याच्या चहूकडच्या सगळ्या चर्चमधून सांगा, सुतार वारला, त्याच्या थोरल्याने यावं. फादरांनी एकूण एक चर्चमध्ये निरोप पोचवला. मातीच्या दिवशी ती कुणाला शवपेटीचं झाकण लावू देईना. "थांबा जरा. लांबून यायचंय त्याला." लोक थांबले. खणणारे कुदळी टेकून बसले. दरवेळी फाटक वाजलं की ती वळायची. शेवटी धाकटीनेच भावाच्या जागी खांदा दिला आणि सुतार मातीआड झाला.

नाताळ जवळ आल्यावर धाकटी मला घरी घेऊन गेली. घर तसंच होतं, फक्त सुताराची हत्यारं तेल लावून कापडात बांधून ठेवलेली. आईने कोमट पाणी घेतलं. एरवी ती मला शाळेत जाणाऱ्या पोरासारखं खसाखसा घासायची. या वेळी सावकाश धुतलं, कानामागे, हनुवटीखाली, आणि स्वच्छ पंच्याने टिपून घेतलं. मला ते धुणं आवडलं नाही.

धाकटीने रंगांच्या डब्या उघडल्या. "या वर्षी केसांत आणखी पांढरं घालायचं ना?"

"नाही. अंगाचा रंग दे."

"अंगाचा? तो तर नीट आहे गं."

आईने ब्रश घेतला आणि कोपर टेबलावर टेकलं. ब्रश माझ्या डोळ्यापाशी आला तेव्हा धाकटीला कळलं.

"आई, नको ना. अगं, त्याला निरोप पोचलाच नसेल."

"सगळीकडे पोचला."

"मग राग असेल अजून."

"कुणावर?" आई म्हणाली. "बाप होता तोवर रुसवा होता. मी म्हणायचे, बसू दे रुसून, एकदा दोघांपैकी एकाचं डोकं थंड झालं की येईल. आता रुसायला कोण उरलंय? बापाच्या मातीला तो आला नाही. असता तर आला असता गं. हट्टी होता, पण तसा वाईट नव्हता माझा पोर."

धाकटीने तोंडात पदर कोंबला. मी ओरडत होतो. लाकूड जेवढं ओरडू शकतं तेवढं. बाई, मला माहीत नाही, मी तिथे होतो आणि मलाही माहीत नाही, मग तुला कसं माहीत? तिला काही ऐकू गेलं नाही.

तिने आधी डावा डोळा मिटला. वरची पापणी रंगाने खाली आणली आणि एक बारीक काळी रेघ ओढली. मग थोडा वेळ थांबली. उजव्या डोळ्याला मला शेवटचं दिसलं ते तिचं तोंड, अगदी जवळ, नाकावर घसरलेला चष्मा आणि रंगाचा एक ठिपका गालावर.

"झोप आता," ती म्हणाली.

नाताळच्या आदल्या दिवशी तिने मला स्वतः कडेवर घेऊन आणलं. गोठ्यापाशी फादर पेंढा पसरत होते, सळसळ ऐकू येत होती.

"आज आमचा मेंढपाळ झोपलाय वाटतं," ते हसत म्हणाले. मग बहुतेक त्यांनी तिच्याकडे पाहिलं असावं, कारण सळसळ एकदम थांबली.

"फादर, नाताळाचे दिवस संपले की एक मिस्सा म्हणा," ती म्हणाली. "दोघांची मिळून एकच. बापलेकांची. आता भांडणार नाहीत."

"म्हणतो, आई," फादर म्हणाले.

तेव्हापासून मी इथे उभा आहे. गाणी ऐकतोय, मेणाचा वास येतोय. लोक आता मला घाबरत नाहीत. माझ्यापुढे येऊन थांबतात, किती शांत चेहरा आहे, प्रार्थना करतोय बघ, म्हणतात. शांत कसला! अंग तसंच हलकं होतं आणि मी तसाच दचकतो. फक्त आता डोळे मिटलेत म्हणून कुणाला ते कळत नाही. ती रोज येते. येऊन बसते आणि माझ्याकडे नव्हे, वेदीकडे बघते, असं झाडलोट करणारी बाई म्हणते. तिचा श्वास आता फार हळू चालतो.

तुम्ही चार गावं फिरणारी माणसं, म्हणून तुम्हाला सांगतोय. तळ्यापलीकडे कुठे, किंवा त्याच्याही पलीकडे, पिकल्या केसांचा, डावी भुवई तुटलेला एखादा माणूस भेटला, तर त्याला तेवढं सांगा. बाप गेला म्हणावं. आई आहे अजून. नाताळ सरला की फादर तुझी मिस्सा म्हणणार आहेत, त्याच्या आत घरी ये.