चार दिवस वाट्यांखाली

मित्रांनो, मी महाडच्या एका घरातला जुना मसाल्याचा डबा आहे. हळद-मोहरीत माझी तीस वर्षं गेली. मग एक दिवस चंपाबाईंनी मला तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं, कडकडीत वाळवलं आणि माझ्या सात वाट्यांना सात वार वाटून दिले. त्यांच्या लेकीच्या, दीप्तीच्या गोळ्या आता माझ्यात राहणार होत्या.

दीप्ती उमरठच्या शाळेत शिक्षिका. तिला रक्ताचा कर्करोग झाला. तिचा थोरला भाऊ किशोर औद्योगिक वसाहतीत कामाला. त्याच्या मूळ पेशी मुंबईच्या डॉक्टरांनी तिला दिल्या आणि बजावलं, "भावाच्या पेशींना तुझं शरीर परकं वाटू शकतं. मग त्या तुझ्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. ते टाळायला या गोळ्या. मी सांगेपर्यंत एकही चुकवायची नाही."

तीन महिने एकही चुकली नाही. पण गोळ्यांनी दीप्तीचे हात थरथरू लागले, गालांवर, हनुवटीवर केस आले. तिने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. एके सकाळी तिने गोळ्या तोंडाजवळ नेल्या आणि हळूच माझ्या वाट्यांखाली सरकवल्या. चार दिवस ती हेच करत राहिली आणि मी ते गुपित पोटात घेऊन बसलो. बोलता येत नाही याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी कामाची पाळी संपवून आलेल्या किशोरला तिचे लालभडक तळवे दिसले.

"दीप्ते, ह्ये काय गो?"

"आग होतेय, दादा." ती रडू लागली. "मी गोळ्या घेतल्याच नाहीत."

किशोरने तिचे तळवे आपल्या हातांत घेतले. "म्हंजे माझंच रक्त तुला जाळतंय?"

"रडायला मागनं येल," चंपाबाई कडाडल्या. "आधी डॉक्टरला फोन लाव रे!"

दुपारच्या गाडीने भावंडं मुंबईला गेली. दोन आठवड्यांनी दीप्ती परत आली. पुरळ अंगभर पसरण्याआधीच आवरलं होतं. तिने आईला सांगितलं, "डॉक्टर रागावले नाहीत गं. म्हणाले, हात थरथरतात हे मला सांगायचं होतंस, त्यावर उपाय करणं माझं काम."

पुढे गोळ्या हळूहळू कमी होत, त्यांच्याच सांगण्यावरून बंद झाल्या. दीप्ती पुन्हा शाळेत जाते.

मित्रांनो, औषधाचा त्रास लपवू नका. आणि घरात कुणी आजारी असेल, तर "गोळी घेतलीस का?" एवढं विचारून थांबू नका. "गोळीनं तुला काय होतंय?" हेही विचारा. चंपाबाई आजही म्हणतात, "तीन महिनं मी पहिलंच इचारलं. दुसरं नाय."